घरची औषधी रोपे आणि कच्ची पाने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधी वनस्पती कच्ची खाणे सुरक्षित असते का?

याचे उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून असते : वनस्पती कोणती, तिचा कोणता भाग आणि किती प्रमाणात. पुदिन्याची चार पाने चवीपुरती खाणे आणि त्याच पुदिन्याच्या तीन मुठी वाटून रोज सकाळी रस पिणे, या दोन्ही कृतींना लोक ‘पुदिना खाणे’ असेच म्हणतात. परंतु शरीराच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या कृतीत वनस्पती अन्न असते, तर दुसऱ्या कृतीत ती औषध होते आणि औषधाला लागू होणारे सगळे नियम तिला लागू होतात : मात्रा, कालावधी, इतर औषधांशी होणारी क्रिया आणि दुष्परिणाम. पुढील बहुतेक उत्तरे या एका फरकावर आधारलेली आहेत. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय होणार नाही’ हे गृहीतक मात्र प्रारंभीच बाजूला ठेवावे, कारण ज्ञात असलेली काही अत्यंत तीव्र विषे वनस्पतींमध्येच तयार होतात.

सुरुवात कोणत्या रोपांपासून करावी?

ज्या वनस्पती माणूस दीर्घकाळापासून स्वयंपाकात वापरत आला आहे, त्यांच्यापासून सुरुवात करावी. तुळस, पुदिना, कोथिंबीर, मेथी, कढीपत्ता, पानओवा, आले आणि ओली हळद ही यादी नवख्या माणसाला पुष्कळ आहे. यांतील पुदिना आणि पानओवा काडीपासून सहज फुटतात. पुदिन्याची काडी पाण्यात ठेवल्यास साधारण एक-दोन आठवड्यांत मुळे धरते. आले आणि हळद यांना मात्र धीर लागतो, कारण कंद पूर्ण पोसायला आठ ते दहा महिने जातात. गवती चहा लावायला सोपा असला, तरी त्याची पाती तंतुमय आणि कडेला धारदार असल्याने ती चावून खाण्याऐवजी गरम पाण्यात उकळून वापरणेच योग्य ठरते.

गुळवेल, अडुळसा, अश्वगंधा, शतावरी यांसारख्या वनस्पती घरी वाढवण्यास हरकत नाही. त्या दिसायलाही चांगल्या असतात. परंतु त्या अन्न नव्हेत. त्या कुंडीत आहेत एवढ्याच कारणासाठी त्यांची पाने तोंडात टाकण्याचे प्रयोजन नाही.

कोणत्या वनस्पती कच्च्या अजिबात खाऊ नयेत?

सर्वप्रथम बागेत शोभेसाठी लावलेल्या वनस्पती पाहाव्यात, कारण धोका बहुधा तेथेच असतो. तांबडी-पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर या दोन्हींच्या सर्व भागांत हृदयाची लय बिघडवणारी द्रव्ये असतात. पाने वाळवली किंवा उकळली तरी ती द्रव्ये नाहीशी होत नाहीत. धोत्र्याच्या बियांनी तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात आणि माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. एरंडाच्या बीत रिसिन, तर गुंजेच्या बीत अब्रिन हे विष असते. गुंजेची बी सबंध गिळली गेल्यास टणक कवचामुळे कधी कधी तशीच बाहेर पडते, परंतु चावली वा कुटली गेल्यास ती जीवघेणी ठरू शकते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते.

सदाफुलीबद्दल विशेष सावध करणे आवश्यक वाटते, कारण रक्तातील साखर कमी होईल या आशेने तिची पाने चावणारे लोक पुष्कळ आहेत. याच वनस्पतीपासून विन्क्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे मिळतात. पेशींचे विभाजन थांबवणारी ही द्रव्ये आहेत आणि रुग्णालयात ती अत्यंत मोजून-मापून, देखरेखीखाली दिली जातात. त्या वनस्पतीची पाने अंदाजाने खाणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

दुसरा गट शास्त्रोक्त औषधांत येणाऱ्या, पण कच्च्या स्वरूपात घातक असलेल्या वनस्पतींचा आहे. बचनाग आणि बिब्बा यांची आयुर्वेदाने स्वतःच विषारी द्रव्यांत गणना केली आहे आणि शोधनाची, म्हणजे विषारीपणा कमी करण्याची, प्रक्रिया केल्याखेरीज त्यांचा वापर सांगितलेला नाही. ती प्रक्रिया घरगुती स्वयंपाकघरात करण्याजोगी नाही. वेखंडात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. त्याने प्रयोगशाळेतील प्राण्यांत अर्बुदे निर्माण झाल्याचे आढळल्यामुळे अमेरिकेने 1968 मध्ये वेखंडाच्या अन्नातील वापरावर बंदी घातली. कॉम्फ्रे ही परदेशी बागांत लोकप्रिय असलेली वनस्पती पायरोलिझिडीन अल्कलॉइडांमुळे यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद करू शकते. म्हणूनच 2001 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उत्पादकांना तिचा समावेश असलेली पूरक उत्पादने बाजारातून काढून घेण्यास सांगितले.

पानफुटीचे काय? मूतखड्यावर तिची पाने खाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. या कुळातील वनस्पतींत, विशेषतः फुलांत, हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि त्या चरल्याने गुरांना विषबाधा झाल्याची नोंद आहे. हृदयविकार असलेल्या किंवा त्यासाठी औषध घेत असलेल्या व्यक्तीने तिच्या वाटेला जाऊ नये, आणि इतरांनीही केवळ ऐकीव सल्ल्यावर ती खाऊ नये.

एकाच नावाच्या दोन वनस्पती असतात असे म्हणतात. मग खात्री कशी करावी?

कच्च्या वनस्पतींच्या बाबतीत सर्वांत गंभीर प्रमाद ओळखीच्या टप्प्यावर होतात, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

ब्राह्मी हे नाव किमान दोन वनस्पतींना लावले जाते. बकोपा मोनिएरी ही पाणथळ जागी पसरणारी, मांसल देठाची वनस्पती आहे. तिची पाने सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांबीची, जाडसर, चमच्याच्या आकाराची आणि समोरासमोर लागलेली असतात. त्यांना स्वतंत्र देठ जवळजवळ नसतोच, आणि फूल पांढरे किंवा फिकट जांभळे असते. सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, हिचे पान गोलसर, देठाशी खाच असलेले आणि कडेला दंतुर असते, तर प्रत्येक पान लांब देठावर स्वतंत्रपणे उभे असते. दोन्ही वनस्पती हातात घेतल्या, तर फरक क्षणात कळतो. केवळ नाव ऐकून रोप आणले, तर मात्र कोणते हाती पडेल याचा भरवसा नसतो. दोघींचे रासायनिक घटक वेगळे आहेत, त्यामुळे एकीबद्दलची माहिती दुसरीला लागू होत नाही.

गुळवेलीचे प्रकरण याहून नाजूक आहे. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही औषधात वापरली जाणारी वेल आणि तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा या दोघींची पाने हृदयाकृती असतात, परंतु क्रिस्पाच्या खोडावर ठळक, चामखिळीसारखे असंख्य उंचवटे असतात. करोनाच्या साथीच्या काळात गुळवेलीचा काढा व रस नियमित घेतलेल्या काही व्यक्तींना यकृताचा दाह झाल्याचे अहवाल 2021 पासून वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. चुकीची वेल वापरली गेली असावी असा एक युक्तिवाद त्यावर करण्यात आला. रोगप्रतिकारशक्तीशी निगडित यकृतविकार अगोदरच सुप्त असलेल्या व्यक्तींत तो या वेलीने उफाळला, असे दुसरे स्पष्टीकरण देण्यात आले. स्पष्टीकरण कोणतेही मान्य केले, तरी व्यवहारातील निष्कर्ष एकच निघतो : यकृताचा विकार किंवा स्वप्रतिकार विकार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा विकार) असलेल्या व्यक्तीने ही वेल स्वतःच्या मनाने घेऊ नये.

चुकीच्या ओळखीची परिणती मृत्यूतही झालेली आहे. फूल येण्यापूर्वी डिजिटॅलिस या हृदयावर तीव्र परिणाम करणाऱ्या विषारी वनस्पतीची पाने कॉम्फ्रेच्या पानांसारखी दिसतात आणि ती काढ्यासाठी खुडल्याने माणसे दगावली आहेत. हेमलॉक या अतिविषारी वनस्पतीची पाने पार्सलीसारखी दिसतात. म्हणून रोप घेताना शास्त्रीय नावाची चिठ्ठी असलेलेच घ्यावे, पान, खोड, फूल आणि वास हे चारही पडताळावेत, आणि शंका राहिल्यास फूल येईपर्यंत थांबून वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला दाखवावे. मोबाइलवरील ओळख सांगणारी अ‍ॅप नाव सुचवण्यापुरती ठीक आहेत. खाण्याचा निर्णय त्यांच्या भरवशावर घेऊ नये.

थोडेसे चाखून पाहिले आणि काही झाले नाही, तर वनस्पती सुरक्षित समजावी का?

समजू नये. काही विषांचा परिणाम अनेक तासांनी किंवा दिवसांनी दिसतो. यकृताला होणारी इजा तर आठवडे लोटल्यावरच लक्षात येते. पक्षी किंवा गुरे खातात म्हणून आपणही खावे, हा तर्कही तितकाच फसवा आहे.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची पाने लगेच खाता येतात का?

शोभेची रोपे विकणाऱ्या ठिकाणी रोपांवर आंतरप्रवाही कीटकनाशके वापरली जाण्याची शक्यता असते. इमिडाक्लोप्रिडसारखे द्रव्य मुळांतून शोषले जाऊन संपूर्ण रोपात पोहोचते, त्यामुळे पान कितीही धुतले तरी आतील अंश जात नाही. खाण्यासाठीच वाढवलेली रोपे घेणे, शक्य असल्यास स्वच्छ बियांपासून स्वतः रोप तयार करणे, हा उत्तम मार्ग होय. त्याला पर्याय नसेल, तर रोप आणल्यावर नव्या मातीत लावावे, जुनी पाने छाटून टाकावीत आणि बरीच नवी वाढ होईपर्यंत खुडणी करू नये. रोपावर कोणती फवारणी झाली आहे हे विक्रेत्याला विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर ते रोप शोभेसाठी ठेवावे.

बियांच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवावी. गुलाबी, निळा किंवा हिरवा कृत्रिम लेप असलेले बी बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेले असते. ते पेरावे, पण खाऊ नये आणि त्याचे खाण्यासाठी अंकुरही काढू नयेत.

कुंडी, माती, ऊन आणि पाणी यांबाबत काय काळजी घ्यावी?

तुळशीला आणि तिच्या जातभाईंना रोज सुमारे सहा तास ऊन लागते, पुदिना व मंडूकपर्णी अर्ध्या सावलीतही समाधानी असतात, आणि कोरफडीला पाणी कमी दिल्यानेच ती टिकते. वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल आणि तळाला छिद्र असलेली कुंडी बहुतेक रोपांना पुरते. पुदिना मात्र स्वतंत्र कुंडीतच ठेवावा, अन्यथा वर्षभरात शेजाऱ्यांची जागा तो व्यापतो.

कच्चे खाण्याच्या दृष्टीने खरा प्रश्न कुंडीच्या आकाराचा नसून माती आणि भांडे यांच्या पूर्वेतिहासाचा असतो. जुन्या, रंग लावलेल्या भिंतीलगतच्या मातीत, वर्दळीच्या रस्त्याकडेच्या मातीत आणि कारखान्याच्या जुन्या जागेवर शिसे साठलेले असू शकते. पालेभाज्यांच्या पानांवर अशा मातीची धूळ बसते आणि तीच पोटात जाते. अशा ठिकाणी जमिनीत लावण्याऐवजी स्वच्छ माती भरलेल्या कुंड्या वापराव्यात. रंगाचे रिकामे डबे, रसायनांचे पिंप, जुने टायर आणि आर्सेनिकयुक्त संरक्षक द्रव्य मुरवलेले लाकूड खाद्य रोपांसाठी वापरू नये. बकोपा ब्राह्मी कॅडमियमसारखे जड धातू पाण्यातून व चिखलातून शोषून साठवते; त्यामुळे नाल्याकाठची किंवा सांडपाण्याच्या डबक्यातील ब्राह्मी कितीही टवटवीत दिसली, तरी खाण्यायोग्य नसते.

पाणी पिण्यायोग्य असावे आणि ते पानांवर न शिंपडता बुडाशी द्यावे. कपडे किंवा भांडी धुतलेले पाणी कच्ची खाल्ली जाणारी पाने असलेल्या कुंडीला घालू नये. तयार कुंडी-मिश्रणाची पिशवी उघडताना तोंडाशी थोडे पाणी शिंपडून धूळ बसवावी आणि मास्क लावावा, कारण अशा मिश्रणात लेजिओनेला लाँगबीची हे न्यूमोनिया घडवणारे जिवाणू आढळले आहेत. मांजरांचा वावर असलेल्या मातीत टोक्सोप्लाझ्माचे जंतू वर्षभराहूनही अधिक काळ तग धरतात. गर्भवती स्त्रीने त्या मातीत हातमोज्यांशिवाय काम करू नये.

शेणखत घातले तर चालते का?

कुजलेले चालते, ताजे चालत नाही. ताज्या शेणात ई. कोलाय आणि साल्मोनेला हे रोगकारक जिवाणू असू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार, खाण्याचा भाग मातीला लागत असेल, तर कच्चे शेण घातल्यापासून काढणीपर्यंत किमान 120 दिवस, आणि लागत नसेल तर 90 दिवस जावे लागतात. हा दंडक कोठेही वापरण्याजोगा आहे. कंपोस्टचा ढीग किमान 55 अंश सेल्सिअसपर्यंत तापून काही दिवस त्या तापमानावर राहिला, तरच त्यातील बहुतेक रोगजंतू मरतात. घरगुती डब्यातील कंपोस्ट सहसा इतके तापत नाही, म्हणून ते अनेक महिने मुरू द्यावे आणि कच्च्या पानांवर उडणार नाही अशा बेताने मातीत मिसळावे.

कीड पडल्यास काय करावे?

मावा असेल, तर पाण्याच्या जोरदार धारेने पाने धुवावीत. अळ्या हाताने वेचाव्यात. फार कीड असलेली फांदी कापून टाकावी. निंबोळीचे तेल फवारल्यास त्या उत्पादनाच्या वेष्टनावर दिलेला प्रतीक्षाकाळ पाळून नंतर पाने नीट धुवावीत. फवारणीसाठी आणलेले हे तेल पोटात घेऊ नये आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारण ते प्यायल्याने बालकांना झटके येऊन मेंदूला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. काळे डाग, भुरी किंवा बुरशी धरलेले पान औषध म्हणूनही उपयोगाचे नाही.

पाने केव्हा आणि किती खुडावीत?

सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी. तुळस-पुदिन्यासारख्या सुगंधी वनस्पतींची पाने फुलोऱ्यापूर्वी अधिक स्वादिष्ट असतात, म्हणून मंजिऱ्या वेळीच खुडाव्यात. एका वेळी रोपाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग काढू नये. खुडलेली तुळस फ्रिजमध्ये ठेवल्यास थंडीने काळी पडते. तिच्या काड्या पेल्यात पाणी घेऊन बाहेरच ठेवाव्यात. बाकीची पाने कोरडी करून, कापडात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावीत.

पाने कशी धुवावीत? मीठ किंवा व्हिनेगर घातलेले पाणी पुरते का?

आधी हात साबणाने किमान वीस सेकंद धुवावेत. मग पाने देठापासून सुटी करावीत, कारण जुडी तशीच धुतली तर आतील बाजूला पाणी पोहोचत नाही. भांडेभर पाण्यात पाने खळबळून माती तळाशी बसू द्यावी, पाने वरून उचलून घ्यावीत आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली एकेक पान दोन्ही बाजूंनी चोळावे. धुतल्यावर स्वच्छ फडक्याने टिपून कोरडी करावीत. ओलसर राहिलेल्या पानांवर जंतू पुन्हा वाढतात. साबण किंवा भांड्यांचा द्रव वापरू नये, कारण पानांच्या रंध्रांत त्याचा अंश राहतो. व्हिनेगरच्या पाण्याने जिवाणूंची संख्या काही प्रमाणात घटते, पण पाने निर्जंतुक होत नाहीत. सायक्लोस्पोरा हा परजीवी तर क्लोरीनलाही दाद देत नाही. कोथिंबीर आणि बेसिल यांच्यामार्फत त्याच्या साथी पसरलेल्या आहेत.

धुताना पुदिन्याचे पान उलटे करून उजेडात धरावे. खालच्या बाजूच्या शिरांमध्ये कधी कधी वाळलेली, चकाकणारी बारीक रेघ दिसते : गोगलगाय किंवा शेंबी (बिनशंखाची गोगलगाय) तेथून सरपटत गेल्याची ती खूण असते. असे पान धुण्यापेक्षा टाकून द्यावे, आणि त्या फांदीवरील इतर पाने बारकाईने तपासावीत. उंदरांच्या फुप्फुसात वाढणारा अँजिओस्ट्रॉन्जिलस नावाचा कृमी गोगलगायींमार्फत माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो, आणि गोगलगायीच्या नखाएवढ्या लहान पिल्लाला पालेभाजीच्या घडीत लपायला जागा भरपूर असते. त्याचप्रमाणे गुरांचा वावर असलेल्या पाणथळ जागेतील वनस्पती कच्च्या खाल्ल्याने यकृतातील पर्णकृमीची बाधा होते. अशा ठिकाणच्या वनस्पती शिजवूनच खाव्यात.

घरी काढलेले अंकुर तरी पूर्णपणे सुरक्षित असतात ना?

अंकुर कच्चे खाण्यात पानांपेक्षा अधिक धोका आहे, हे अनेकांना पटत नाही. बियांच्या कवचाला चिकटलेल्या जिवाणूंना ऊब आणि ओलावा मिळतो आणि ते अंकुरांबरोबरच वाढतात; घर स्वच्छ असले, तरी बी मुळातच दूषित असेल तर उपाय नसतो. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या ओ104:एच4 या प्रकाराची जी साथ आली, तिचा माग मेथीच्या अंकुरांपर्यंत लागला. तीत 3,800 हून अधिक लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक मृत्युमुखी पडले आणि कित्येकांची मूत्रपिंडे निकामी झाली. लहान मुले, वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांनी अंकुर शिजवूनच खावेत. गव्हांकुरांच्या तळाशी पांढरी बुरशी धरली असेल, तर वरचा भाग कापून वापरण्याचा मोह टाळावा.

कोरफडीचा गर कच्चा खाता येतो का?

नीट साफ केलेला आतला पारदर्शक गर थोड्या प्रमाणात खाल्ला जातो. सालीलगतचा पिवळा चीक मात्र खाऊ नये. जाड, पक्व पान बुडाशी कापावे आणि कापलेले टोक खाली ठेवून दहा-पंधरा मिनिटे उभे धरावे. पिवळसर, उग्र वासाचा चीक हळूहळू ओघळून येतो. नंतर कडेचे काटे आणि दोन्ही बाजूंची हिरवी साल सढळ हाताने काढून टाकावी. गराला हिरवट-पिवळी झाक दिसल्यास तेवढा भाग पुन्हा छाटावा आणि गर पाण्याने धुवावा. गर चाखल्यावर कडू लागला, तर चीक राहिला आहे असे समजावे.

या चिकातील अलोइन तीव्र रेचक आहे. त्याने पोटात मुरडा येतो, जुलाब होतात आणि शरीरातील पोटॅशियम घटते. संपूर्ण पानाचा अर्क ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे’ अशा 2बी गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टाकलेला आहे. त्यामुळे अख्खे पान सालीसकट मिक्सरमधून काढून पिण्याची पद्धत सोडून द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाने चावून खाण्यापेक्षा रस पिणे अधिक गुणकारी नाही का?

रस पिण्यातील अडचण हीच आहे की, चावताना लागणारी नैसर्गिक मर्यादा त्यात नाहीशी होते. मूठभर कडू पाला माणूस चावून खाऊ शकत नाही. रस मात्र एका घोटात पितो. पालक, घोळ आणि बिलिंबी यांच्यासारख्या ऑक्झॅलेटयुक्त वनस्पतींचा रस मोठ्या प्रमाणात घेतल्याने मूत्रपिंडात स्फटिक साचून ती अचानक निकामी झाल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत. ज्यांना मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी हिरवे रस टाळावेत. काकडीच्या कुळातील कोणत्याही फळाचा रस अनपेक्षितपणे कडू लागला, तर तो तत्काळ थुंकून टाकावा. तो कडवटपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो आणि त्याने रक्ताच्या उलट्या होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ‘कडू ते औषधी’ ही समजूत येथे फार महागात पडते.

मग किती प्रमाण योग्य?

स्वयंपाकात चवीसाठी जेवढे वापरले जाते, तेवढे. घरच्या रोपातील द्रव्यांचे प्रमाण ऋतू, ऊन, पानाचे वय आणि रोपाची जात यांनुसार बदलते, त्यामुळे पानांच्या संख्येवरून औषधाची मात्रा ठरवता येत नाही. नवीन वनस्पती एका वेळी एकच आणि अगदी थोडी घ्यावी, म्हणजे त्रास झाल्यास कारण कळते. विशिष्ट आजारासाठी रोज घ्यायची असेल, तर पात्र वैद्य किंवा डॉक्टर यांच्याकडून मात्रा आणि कालावधी ठरवून घ्यावा.

नियमित औषधे चालू असताना घरची पाने खाता येतात का?

वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी शेवग्याचा पाला, कोथिंबीर, पार्सली यांचे प्रमाण अचानक वाढवू नये किंवा घटवू नये, कारण त्यांतील क जीवनसत्त्व नव्हे, तर के जीवनसत्त्व त्या औषधाच्या परिणामात ढवळाढवळ करते. पाला पूर्ण बंद करण्याची गरज नसते. त्याचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवणे महत्त्वाचे असते. आले, लसूण व हळद मोठ्या प्रमाणात घेतल्यास रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम वाढू शकतो. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असताना मेथी, कारले किंवा गुळवेल भरपूर घेतल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. ज्येष्ठमधाचे मूळ सतत चघळल्याने पोटॅशियम घटून रक्तदाब वाढतो. उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते टाळावे.

सेंट जॉन्स वर्ट ही पिवळ्या फुलांची वनस्पती या बाबतीत सर्वांत कुप्रसिद्ध आहे. ती यकृतातील विकरे (एन्झाइम) उद्दीपित करते आणि परिणामी गर्भनिरोधक गोळ्यांसह अनेक औषधे शरीरातून लवकर बाहेर टाकली जातात. हृदयप्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांत तिच्या अर्कामुळे सायक्लोस्पोरिन या, नवा अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाची पातळी घसरून शरीराने नवे हृदय नाकारण्यास सुरुवात केल्याचे 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यारोपण झालेल्यांनी, अपस्माराची किंवा एचआयव्हीची औषधे घेणाऱ्यांनी आणि कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांनी कोणतीही औषधी वनस्पती डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असल्यास औषधी वनस्पतींचे सेवन साधारण दोन आठवडे आधी थांबवावे आणि भूलतज्ज्ञाला त्याची माहिती द्यावी.

गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी वेगळे नियम आहेत का?

आहेत, आणि ते कडक आहेत. गर्भारपणात अडुळसा घेऊ नये, कारण त्यातील वासिसिन गर्भाशयाचे आकुंचन घडवते. कोरफडीचा चीक, सताप आणि कच्च्या पपईचा चीक हेही वर्ज्य समजावेत. जेवणातील कोथिंबीर-पुदिना नीट धुतलेला असेल, तर त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला कोणत्याही वनस्पतीचा रस देऊ नये, आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, कारण मधातील बोटुलिनम या विष तयार करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू त्याच्या आतड्यात रुजू शकतात. मोठ्या मुलांना कोणते झाड खायचे, यापेक्षा विचारल्याशिवाय कोणतेच पान तोंडात घालायचे नाही, हे आधी शिकवावे.

ताजी पाने किंवा लसूण तेलात बुडवून ठेवता येतात का?

खोलीच्या तापमानाला ठेवू नयेत. मातीतून आलेले बोटुलिनमचे बीजाणू तेलाखालच्या हवाविरहित, आम्लता नसलेल्या जागेत विष तयार करतात आणि त्या तेलाचा वास किंवा चव बदललेली नसते. असे मिश्रण ताजे करावे, लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे. पाने टिकवायची असल्यास ती सावलीत पूर्ण वाळवावीत किंवा गोठवावीत.

पाने खाल्ल्यावर किंवा हाताळल्यावर त्वचेवर पुरळ आले तर?

सेवन थांबवावे. गाजर गवताची अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीला त्याच कुळातील कॅमोमाइल किंवा शेवंतीवर्गीय वनस्पतींनीही त्रास होऊ शकतो. सताप आणि बावची यांतील सोरालेन द्रव्ये त्वचेला लागून त्यावर ऊन पडले, तर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. ओठ किंवा घसा सुजणे, श्वास लागणे आणि चक्कर येणे ही आणीबाणीची लक्षणे आहेत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

विषारी वनस्पती खाल्ली गेल्याचा संशय आल्यास काय करावे?

तोंडातील उरलेला भाग काढून चूळ भरायला लावावी आणि ताबडतोब रुग्णालय किंवा विषबाधा माहिती केंद्राशी संपर्क साधावा. उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजणे तर स्वतःच घातक आहे. व्यक्ती बेशुद्ध होत असेल, तर तिला कुशीवर झोपवावे आणि तोंडावाटे काहीही देऊ नये. चीक डोळ्यात गेला असल्यास स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवून डॉक्टरांकडे न्यावे. लक्षणे दिसेपर्यंत वाट पाहू नये, कारण कण्हेरीच्या विषबाधेत उलट्यांनंतर नाडी मंदावण्यास काही तास लागू शकतात.

नियमित सेवनानंतर काही आठवड्यांनी डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे किंवा सतत थकवा जाणवणे ही यकृताच्या इजेची लक्षणे असू शकतात. वनस्पती लगेच बंद करून रक्ततपासणी करावी आणि आपण काय घेत होतो ते डॉक्टरांपासून लपवू नये. कोणत्याही प्रसंगी, खाल्लेल्या वनस्पतीची फांदी पाने, फूल व फळ यांसह कोरड्या कागदी पिशवीत घालून सोबत न्यावी. फांदी मिळत नसेल तर तिचे जवळून आणि संपूर्ण रोपाचे लांबून अशी दोन छायाचित्रे काढावीत, आणि किती खाल्ले व किती वाजता खाल्ले हे त्या पिशवीवरच लिहून ठेवावे.